मार्कीस देऊन म्हातारा आणला

बर्नाडेट ह्लावाटीला हार्लन पॉइंटमध्ये सगळे बर्नी म्हणत आणि तिच्या आवाजाला सगळेच दबकून असत. पंचवीसेक वर्षं शाळेची पिवळी बस चालवायची तर मोठा आवाज लागतोच. पण बर्नीचा आवाज बसमधून उतरल्यावरही खाली यायचा नाही. चर्चमध्ये ती कुजबुजली तरी पाद्री वाचता वाचता थांबायचा. नवरा गेला तेव्हा ती चाळिशीत होती. मूलबाळ नव्हतं. माणसं म्हणावीत तर मोठा भाऊ एमिल, त्याची बायको नोरीन, बसमधली पोरं आणि लेकमेन.

लेकमेन म्हणजे ईरी सरोवराच्या काठच्या मोठ्या शहराची टीम, चेंडू हातात घेऊन धावायच्या अमेरिकन फुटबॉलची. शहर गाडीने पाऊण तासावर, पण हार्लन पॉइंटमध्ये तान्ह्या बाळाच्या अंगावर पहिला कपडा चढायचा तो लेकमेनच्या मरून रंगाचा. दर रविवारी एमिलच्या गॅरेजमध्ये मॅच. एमिलची गाडी बाहेर बर्फात, आत हीटर, जुना सोफा, भिंतीवर मोठा टीव्ही. नोरीनच्या पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, शेजारच्या विल्फ्रेडोच्या बायकोने केलेलं भाजलेलं डुक्कर, आणि बिअर. टीम हरायची. वर्षानुवर्षं हरत होती. पण हरताना ओरडायला चार माणसं सोबत असली की सोमवार निभून जातो.

या टीममध्ये बर्नीचा जीव एकाच माणसात होता. मार्कीस टॉलिव्हर. लाइनबॅकर, म्हणजे समोरच्याला गाठून आडवा पाडणारा गडी. अख्ख्या लीगमध्ये त्याचा दरारा होता, पण बर्नीला तो सहा वर्षांचा असल्यापासून माहीत होता. त्याची आई हॉस्पिटलात रात्रपाळी करायची आणि पोरगा एकटाच उठून, एक मोजा हातात घेऊन बसमागे धावायचा. बर्नी त्याच्यासाठी थांबायची. बाकीची पोरं ओरडली की म्हणायची, "गप बसा रे. तो येईपर्यंत बस हलणार नाही." पुढे लेकमेननी त्याला घेतलं तेव्हा गावाने रस्ते बंद करून नाच केला होता. दर उन्हाळ्यात तो यायचा, गावातल्या पोरांना मैदानावर खेळायला शिकवायचा आणि बर्नी दिसली की एवढा धिप्पाड माणूस वाकून तिच्या गळ्यात पडायचा.

मार्च महिन्यात, मंगळवारी दुपारी, पोरं उतरवून रिकामी बस डेपोत नेताना बर्नीने रेडिओवर बातमी ऐकली. लेकमेननी मार्कीस टॉलिव्हरला दक्षिणेकडच्या एका टीमला देऊन टाकलं होतं. वर पुढच्या वर्षीच्या नव्या खेळाडूंमधून आधी निवडायचा आपला हक्कही देऊन टाकला होता. बदल्यात मिळाला होता ड्वेन हॅलोरन. अडतीस वर्षांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळा खेळ चालवणारा गडी, कधी काळी मोठं नाव. आता खांदा गेलेला, आणि मागच्या हंगामात आपल्या गड्यांपेक्षा समोरच्यांच्याच हातात चेंडू फेकणारा.

बर्नीने बस रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर इतक्या जोराने हात आपटला की भोंगा वाजला आणि समोरून जाणारी सायकलवाली बाई बिचकून गवतात गेली.

संध्याकाळी ती एमिलच्या गॅरेजमध्ये शिरली ती बोलतच.

"ऐकलंत ना? विकला! आपला पोरगा विकला आणि त्या बदल्यात मढं आणलं!"

विल्फ्रेडो सोफ्यावर बसला होता. सिंत्रोन घराण्यातला, बाप पोर्तो रिकोहून पोलाद कारखान्यात आलेला. स्वतः तिथेच एमिलबरोबर राबलेला. तो म्हणाला, "बर्नी, आधी बस तरी. वाईट झालं खरं. पण क्वार्टरबॅकशिवाय आपण किती वर्षं काढली? दर वर्षी नवं पोरगं आणायचं, दर वर्षी त्याचा चेंदामेंदा करायचा."

"म्हणून आजोबा आणायचे?"

"खांदा गेलाय, डोकं नाही गेलं," एमिल म्हणाला. "हॅलोरनने मोठमोठ्या मॅच काढल्यात. समोरचे काय करणार ते त्याला आधी कळतं. मला तर सौदा पटला."

"पटला?" बर्नी भावाकडे बघतच राहिली. "एमिल, मार्कीसने आपल्या अंगणात पडलेलं झाड उचलायला मदत केली होती. आठवतंय का?"

"झाड उचलून मॅच जिंकता येत नाही, बर्ने. समोरच्याला पाडणारे पैशाला पासरी मिळतात. चेंडू फेकणारा मिळत नाही."

"फेकतो ना! समोरच्यांच्या हातात फेकतो!"

"एक हंगाम वाईट गेला म्हणून माणूस निकामी होत नाही. वय झालं म्हणजे काय फेकून द्यायचं का त्याला?"

आता बर्नीच्या लक्षात आलं की भाऊ नुसता हॅलोरनबद्दल बोलत नाहीये. तिथे तिने थांबायला हवं होतं. पण राग आला की तिची जीभ तिच्या हातात राहत नसे.

"अच्छा, तर हे दुखणं आहे होय," ती म्हणाली. "तुला म्हातारा आवडणारच. कारखान्याने तुला लाथ मारून काढलं आणि तीन वर्षांनी फाटकावर पहारा द्यायला बोलावलं, तर तू शेपूट हलवत गेलास. त्यांचंच जाकीट घालून फिरतोस अजून. त्या हॅलोरनसारखाच आहेस तू. उष्टं टाकलं तरी खुशाल खाणारा."

विल्फ्रेडोने मान खाली घातली. त्यालाही कारखान्याने त्याच वेळी काढलं होतं. त्याला तर कुणी फाटकावरही बोलावलं नव्हतं.

एमिलने बिअरची बाटली शांतपणे खाली ठेवली. "ऊठ," तो म्हणाला. "माझ्या घरातून चालती हो."

"एमिल—"

"चालती हो म्हटलं ना!"

ती गेली. दरवाजा आपटायलाही विसरली नाही.

त्यानंतर बर्नीच्या रागाला घर मिळेना, म्हणून तो गावभर हिंडू लागला. शहरातल्या रेडिओवर फुटबॉलच्या गप्पांचा कार्यक्रम असे; तिने तिथे फोन लावला. निवेदक म्हणाला, "हार्लन पॉइंटहून बर्नी आहेत. बोला बाई."

"टीमच्या मालकाला माझा निरोप सांगा. म्हणावं, तू आयुष्यात कुणाची वाट पाहत थांबलायस का कधी? तुला माणूस आणि फ्रीज यातला फरक कळतो का? जुना देऊन नवा आणतात रे बाबा! तू तर नवा देऊन जुना आणलास, तोही गळका!"

ते बोलणं लोकांनी एकमेकांना पाठवून पाठवून हसून घेतलं. किराणा दुकानात अनोळखी माणसं "काय बर्नी, फ्रीज कसा आहे?" म्हणून विचारायची. पण उन्हाळाभर बहुतेक गाव तिच्याच बाजूने होतं. न्हाव्याच्या दुकानापासून चर्चच्या पायरीपर्यंत हॅलोरनला शिव्याच होत्या. एमिल मात्र बहीण समोरून आली की रस्ता ओलांडायचा. चर्चमध्ये दोघं दोन टोकांना बसू लागली, आणि मधे नोरीन कुणाकडे बघावं ते न कळून छताकडे बघायची.

सप्टेंबरात हंगाम सुरू झाला. पहिल्या दोन मॅच लेकमेन हरले. बर्नी घरात एकटी बसून पाहायची. हॅलोरनने चेंडू घालवला की सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवायची. आयुष्यात पहिल्यांदा ती आपल्या टीमच्या हरण्यावर खूश झाली होती. ते तिलाही विचित्र वाटलं, आणि मग त्याचाही राग आला.

तिसरी मॅच हॅलोरनने जिंकून दिली. मग चौथी. खांदा खरंच गेला होता. लांबचा चेंडू त्याला फेकताच येत नव्हता. पण जवळजवळचे, चिवट, बरोबर छातीवर येणारे चेंडू टाकत तो टीमला मैदानभर ओढत न्यायचा, म्हातारा बैल नांगर ओढतो तसा. ऑक्टोबर संपेपर्यंत गावाने शब्द फिरवले. ज्या न्हाव्याने त्याला मढं म्हटलं होतं त्याने दुकानात त्याचा फोटो लावला. लोक आता बर्नीला हसायचे ते वेगळं हसायचे. विल्फ्रेडो एकदा रस्त्यात भेटला, म्हणाला, "चल गं गॅरेजमध्ये. हरलीस तर हरलीस. तू येत नाहीस म्हणून पिरोगी उरतात."

"मी हरले? जिंकलं म्हणून चोरी चोरी राहत नाही का, विल्फ्रेडो?"

तो हात वर करून निघून गेला.

एका सकाळी दुसरीतली एक मुलगी हॅलोरनच्या नंबरचा नवाकोरा शर्ट घालून बसमध्ये चढली आणि मोठ्या कौतुकाने म्हणाली, "मिस बर्नी, बघा ना!"

"मागे जाऊन बस," बर्नी खेकसली. "अगदी मागे. मला आरशात दिसता कामा नये."

मुलगी शाळेपर्यंत रडत गेली. दुपारी डेपोतल्या साहेबाने बर्नीला आत बोलावलं. तो तिच्याहून लहान होता. बोलताना चाचरत होता. "बर्नी, सात वर्षांची पोर आहे ती. तिच्या आईला मी काय सांगू?" दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या बसदेखत मुलीची माफी मागितली.

नोव्हेंबरात दक्षिणेकडच्या टीमला एक आठवडा सुट्टी होती. मार्कीस आईला भेटायला गावी आला. बर्नी पोरं सोडून डेपोत आली तर तो फाटकापाशी उभा, कोटाच्या खिशात हात घालून. तिला बघून वाकला, गळ्यात पडला. बर्नीला रडू आलं.

"तुझ्यासाठी भांडले रे मी सगळ्यांशी," ती म्हणाली. "रेडिओवरसुद्धा!"

"ऐकलं मी," तो हसला. मग हसू गेलं. "मिस बर्नी, तुम्हाला एक सांगायचंय. म्हणून तर आलो. तुम्ही त्या मालकाला शिव्या घालू नका. सोडा मला असं मीच म्हटलं होतं."

"काय?" बर्नी म्हणाली.

"मीच मागितलं," तो म्हणाला. "मागच्या ख्रिसमसनंतर. टीमवाले म्हणाले, बाहेर बोलू नकोस. लोक आम्हाला बोलतील, आम्हाला सवय आहे."

"पण का? इथे काय कमी होतं तुला?"

"कमी काहीच नव्हतं. जास्त होतं. मॅच हरलो की आईला दुकानात लोक सुनवायचे. चुलतभाऊ, मास्तर, पाद्री, जो तो म्हणायचा हा आमचा. मी जेवायला बसलो तरी गाव बघायचं. तिकडे मला कुणी ओळखत नाही. सकाळी चालायला जातो, कुणी थांबवत नाही."

"मीही त्यातलीच का?"

"थोड्या तुम्हीही," तो म्हणाला.

"मी माझ्या भावाशी आठ महिने बोलले नाहीये!" बर्नी ओरडली. डेपोतले दोघेतिघे वळून पाहू लागले. "नको ते बोलले त्याला! तुझ्यापायी!"

"मी सांगितलं होतं का तुम्हाला भांडायला?" मार्कीसचाही आवाज चढला. "मी मागितलं होतं का? मिस बर्नी, तुम्ही माझ्यासाठी बस थांबवायचात, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण म्हणून मी जन्मभर त्या बसमध्येच बसून राहू?"

बर्नीने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि चालू लागली. त्याने मागून हाक मारली, ती थांबली नाही. घरी येऊन तिने भांडी आपटली, मार्कीसच्या नंबरचा शर्ट खुर्चीवरून ओढून कपाटाच्या तळाशी कोंबला. राग मालकावरचा उठला होता आणि बसायला जागा शोधत होता. मार्कीसवर बसायचा, मग तो मोजा हातात घेऊन धावणारा पोरगा डोळ्यांपुढे यायचा आणि राग तिथूनही उठायचा.

हे तिने गावात सांगितलं असतं तर तिची बाजू क्षणात पडली असती, पण मार्कीसच्या आईला दुकानात पाऊल टाकणं मुश्कील झालं असतं. बर्नीला आपलं गाव चांगलं माहीत होतं. तिने तोंड मिटलं. आयुष्यात तेवढं एकदाच, आणि तेही गावात कुणाला कळलं नाही.

पुढच्या रविवारी मॅच सुरू व्हायच्या आधी ती एमिलच्या गॅरेजच्या दारात जाऊन उभी राहिली. एमिलने पाहिलं, पण उठला नाही.

"कारखान्याचं जे बोलले ते बोलायला नको होतं," ती म्हणाली.

"नको होतं."

"चुकलं माझं. आणि विल्फ्रेडो, तुझ्यासमोर बोलले, तेही चुकलं."

विल्फ्रेडोने नुसतीच मान हलवली. एमिल टीव्हीकडेच बघत होता. "बर्ने, त्या जाकिटाने माझ्या घराचं कर्ज फिटलं. मी शेपूट नव्हती हलवली. दात ओठ खाऊन गेलो होतो. रोज जात होतो. तुला कधी विचारावंसं वाटलं नाही."

"नाही वाटलं," ती म्हणाली. दारातून थंड वारा आत येत होता.

"दार लाव. हीटर फुकट जळतोय," एमिल म्हणाला. मग जरा वेळाने, "आणि सौद्याचं? आता तरी पटला का?"

मार्कीसने सांगितलेलं बर्नीच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "मालक मूर्ख आहे. पोरगा विकला त्याने. मरेपर्यंत हेच म्हणेन."

"कठीण आहे बाई," विल्फ्रेडो म्हणाला आणि सोफ्यावर सरकला.

जानेवारीत लेकमेन कित्येक वर्षांनी बाद फेरीत पोचले. गॅरेजमध्ये उभं राहायला जागा नव्हती. शेवटचं मिनिट, लेकमेन थोडक्यात मागे, चेंडू हॅलोरनच्या हातात. जवळ एक गडी मोकळा होता, सगळ्यांना दिसत होता. हॅलोरनने हंगामभर जे टाळलं तेच केलं, लांब फेकला. चेंडू मधेच दमल्यासारखा खाली आला आणि समोरच्याने आरामात झेलला.

"अरे म्हाताऱ्या!" एमिल टोपी फेकून उठला. "खांदा नाही तर फेकतोस कशाला रे? जवळ! जवळ द्यायचा होता!"

"आंधळा आहेस का!" बर्नी त्याच्याहून वरच्या पट्टीत टीव्हीतल्या हॅलोरनवर ओरडली. "नातवंडं खेळव जा घरी!"

"त्याला घेतलं कुणी?"

"तुला पटला होता सौदा!"

"मला काय माहीत हा असा मरेल!"

बहीणभाऊ टीव्हीपुढे खांद्याला खांदा लावून हातवारे करत त्या एकाच माणसाला झोडपत होती. नोरीन रिकामं ताट घेऊन आली, दोघांकडे बघितलं आणि आणखी पिरोगी तळायला आत गेली.