धुडकूची पेटी की सुरतची

प्रेमचंद पाटील नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. गावची, धानोऱ्याची शेती थोरला भाऊ पाहायचा. याचा जीव यंत्रांत आणि गाण्यात. १९५२ साली त्याने चावीचा ग्रामोफोन घेतला. तेव्हापासून सणाला कपडे राहिले तरी चालेल, पण रेकॉर्ड हवी. पुढे न फुटणाऱ्या, लवचीक लाँगप्ले रेकॉर्डी आल्या; त्या चावीच्या ग्रामोफोनवर चालत नसत, तरी त्याही त्याने जमवल्या. गावाकडची माणसं हसायची, "प्रेमचंद गवया व्हयी गया!"

सहासष्टच्या उन्हाळ्यात जिनिंगचे इंजिनीअर साहेब बदलून गेले. जाताना त्यांनी आपला विजेवरचा रेकॉर्डप्लेयर प्रेमचंदला दिला. त्याने तो हौसेने घरच्या रेडिओला जोडला, तर आवाज कसा? डास गुणगुणल्यासारखा.

रेडिओ दुरुस्त करणारा धुडकू येऊन पाहून गेला. म्हणाला, "भाऊ, हाई सुई चुंबकवाली शे. इना आवाज बारीक ऱ्हास. मधमा प्रीअँप्लिफायर लागी." मग त्याने समजावलं, की ती पेटी नुसता आवाज वाढवत नाही. रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि वरचे सूर चढवतात; ते पुन्हा जागच्या जागी बसवणं हे तिचंच काम.

पेट्या दोन मिळाल्या. एक सुरतेच्या दुकानातून परतीच्या बोलीवर आणलेली, चकचकीत पत्र्याची. दुसरी धुडकूने स्वतः जोडलेली, दोन व्हॉल्व्हची, सागाच्या खोक्यातली.

रविवारी सकाळी दोन्ही लावून पाहिल्या. पहिली लावलेली सुरतेची पेटी घुमली, तबला छातीत वाजला. प्रेमचंद खूश झाला. "हाईच! दुसरी बठ्ठी मिळमिळीत शे." धुडकूने मान डोलावली. स्वतःच्या वस्तूची तरफदारी करायची कशी?

तापीबाई, प्रेमचंदची बायको, आत भाकरी थापत होती. गाण्याच्या भानगडीत ती कधी पडत नसे. कोणती पेटी कोणाची, हेही तिला ठाऊक नव्हतं. पिठाचे हात घेऊन ती दारात आली.

"पहिली काढी टाका. दुसरी लावा."

"काब्र?" प्रेमचंदने कारण विचारलं.

"दुसरीमा गानारी बाई सूर लावाना पहिले दम लेस. तो ऐकू येस. पहिलीमा ते नुसता धबधबा."

धुडकूने पुन्हा आपली पेटी जोडली. तापीबाईने बोट वर केलं, "हाऊ पहा, आते लिधा दम." प्रेमचंदने कान रेडिओच्या जाळीला लावला. त्याला काही ऐकू आलं नाही. पुन्हा लावली, तरी नाही.

"तुमले खरंच नही ऐकू येस का?" तिने हळूच विचारलं.

तेव्हा त्याला उमगलं. बाजारात लोक पाठीमागून हाका मारतात आणि आपण पुढे चालत राहतो, ते उगीच नाही. पंधरा हंगाम जिनिंगच्या यंत्रांच्या धडधडीत गेले होते. बारीक आवाज कधी निघून गेले, त्याचा पत्ताही लागला नव्हता. ज्या गाण्यासाठी जीव टाकला, ते अर्धंच कानात शिरत होतं. तो रेकॉर्डच्या खोळीवरून हात फिरवत बसला.

मग प्रेमचंद म्हणाला, "सुरतनी पेटी वापस धाडी दे, धुडकू. हाई ऱ्हाऊ दे."

"पन भाऊ, तुमले ते ती आवडनी व्हती."

"मना कान गयात. तिना ते शेतस ना."

पुढच्या हंगामाआधी त्याने मालकाला सांगून गोदामातलं काम मागून घेतलं. गेलेलं परत आलं नाही, पण उरलेलं टिकलं. आणि तापीबाई, जी कधी गाण्याला बसली नव्हती, ती दर रविवारी त्याच्या शेजारी बसू लागली. सारंगी आली की सांगायची, गाणारी थांबली की सांगायची. तो डोळे मिटून मान हलवायचा.

मग सुरतेला रेकॉर्डी आणायला दोघं मिळूनच जायची. दुकानदार सवयीने प्रेमचंदपुढे रेकॉर्ड धरायचा. तो बाजूला सरून म्हणायचा, "बाईंना ऐकवा."