तीन पोपट आणि एक हिरवा चुडा

तिन्ही पोपट यमुनाबाईंच्या हातावर उतरले आणि वनपाल साळवींनी पेनाला टोपण लावलं.

त्याआधीच्या मिनिटापर्यंत सगळं झकास चाललं होतं. नवीन पनवेलमधल्या माझ्या जनावरांच्या दवाखान्याच्या गच्चीवर जाळीची एक लांबलचक खोली आहे. तिला आम्ही फ्लाइट केज म्हणतो. पिल्लांनी उडायचा सराव करायची ती जागा. पोपट पाळणं कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे अनाथ पिल्लं आली की मी वनखात्याला कळवतो, आणि ती उडायला लागली की सोडण्यासाठी त्यांची परवानगी लागते. परवानगी देताना साळवी मुख्य गोष्ट बघतात ती ही, की पक्षी माणसाला घाबरतो का.

मी आत गेलो. तिघे किंचाळत छताला चिकटले. साळवी गेले, पुन्हा तेच. झाडूवाल्या मावशींना पाठवलं, तरी तेच. साळवी खूश होऊन पिंजऱ्यात उभ्या उभ्याच फॉर्म भरायला लागले. तेवढ्यात माझी असिस्टंट सुगंधा हिच्या सासूबाई, यमुनाबाई, सुनेचा डबा घेऊन विचुंब्याहून आल्या. "बगू तरी पोपटं," म्हणत त्या दारातून आत शिरल्या आणि त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मनगटातल्या हिरव्या बांगड्या खळखळल्या. तिघे सरळ खाली आले, त्यांच्या हातावर बसले आणि चोची वासून, माना हलवत घास मागू लागले.

"डॉक्टर," साळवी म्हणाले, "हे सोडायचे?"

"काहीतरी गडबड आहे."

"ती दिसतेच आहे. उद्या कुणाच्याही गॅलरीत बांगडी वाजली की हे हजर. संध्याकाळपर्यंत पिंजऱ्यात."

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. कारण या तिघांच्या बाबतीत मी फार शहाणपणा केला होता.

ते माझ्याकडे आले ते अंड्यात. विचुंब्याला एका बांधकामाच्या साइटवर जुनं झाड पडलं, त्याच्या ढोलीत तीन अंडी निघाली. तिथला सुपरवायझर ती आपल्या पिवळ्या हेल्मेटमध्ये रुमाल घालून, मोटरसायकल ढकलत चालत घेऊन आला. खड्ड्यात हादरे बसतील म्हणून गाडी चालवली नाही म्हणे. मी अंडं टॉर्चसमोर धरलं. आत काहीतरी हललं. तिन्ही अंडी इनक्युबेटरमध्ये ठेवली आणि चार दिवसांत तिन्ही फुटली.

पोपटाचं नवं पिल्लू दिसायला अजिबात गोंडस नसतं. गुलाबी, उघडं, आंधळं, पोट मोठं आणि मान काडीसारखी. गळ्याखाली एक पिशवी असते, तिला क्रॉप म्हणतात. भरवलेलं आधी तिथे साठतं, मग हळूहळू खाली उतरतं. पातळ पेज सिरिंजने भरवायची. पेज फार गरम झाली तर पिशवी भाजते, गार झाली तर आतच आंबते. सुरुवातीला दर दोन तासांनी भरवणं, रोज सकाळी वजन. हे सगळं सुगंधाने केलं. मी फक्त नियम केले.

नियम असे. पिल्लांशी बोलायचं नाही. नावं ठेवायची नाहीत, एक, दोन, तीन एवढंच. आणि तोंड दाखवायचं नाही. हाताने वाढलेलं पिल्लू भरवणाऱ्यालाच आईबाप समजतं आणि मग जन्मभर माणसांच्या मागे लागतं. म्हणून मी पिल्लांच्या पेटीसमोर करडा पडदा शिवून घेतला आणि त्याला फक्त हात जाईल एवढं भोक ठेवलं. त्या भोकाचा मला इतका अभिमान होता की येणाऱ्याजाणाऱ्याला मी ते दाखवत असे.

आता सुगंधाचं लग्न नुकतंच झालेलं. दोन्ही हातांत कोपराकडे चढत गेलेला हिरवा चुडा. ऑपरेशनच्या वेळी ती तो बँडेजने घट्ट गुंडाळायची. उतरवायचा विषय मी एकदाच काढला होता. "आई घरात घेणार नाहीत सर," ती म्हणाली होती. पिल्लांच्या पहिल्या दिवशी तिने स्वतःहून विचारलं, "सर, बांगड्या गुंडाळू का?" मी म्हणालो, "राहू दे गं, पिल्लांना काय कळतंय."

पिल्लांना सगळं कळत होतं. त्यांचे डोळे उघडले दहाव्या दिवसानंतर. तोवर त्यांच्या जगात दोनच गोष्टी होत्या, भूक आणि खळखळ. डोळे उघडले तेव्हा पहिलं काय दिसलं? भोकातून येणारा हिरवा हात. माणसाचं तोंड त्यांनी कधी पाहिलंच नाही, म्हणून तोंडाला ती घाबरायची; झाडूवाल्या मावशींच्या हातात तर काचेची बांगडीही नव्हती. आई मात्र त्यांना पक्की ठाऊक होती. ती काचेची होती.

हे मी साळवींना सांगितलं. ते आधी हसले, मग गंभीर झाले. "पंधरा दिवस देतो. सुधारले तर सोडू. नाहीतर कायमचे पिंजऱ्यात पाठवावे लागतील. मला पर्याय नाही."

सुगंधा जिन्यात उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा उतरला. "मी चुडा काढते सर. घरी काय व्हायचं ते होऊ दे."

"चुडा काडून काय व्हनार?" यमुनाबाई म्हणाल्या. एक पोपट अजून त्यांच्या खांद्यावर होता. "पनवेलीतल्या समद्या बायकांच्या बांगड्या उतरवशील काय?"

बाईंचा मुद्दा बिनतोड होता. मी सहा वर्षं कॉलेजात घालवली, तरी तो मला सुचला नव्हता.

"डाक्टर, तुमी शिकलेली मानसं. पन पोपट पलवायचा तर आमाला इचारा. आता तितं टॉवर हायेत, तितं आमचं भात होतं. दाना भरला की ही हिरवी धाड यायची. माजी निम्मी उमर डबा वाजवन्यात गेली."

"मग काय करायचं?"

"बांगडी वाजली की घास मिलतो, असं हाय ना त्यांच्या डोक्यात? आता बांगडी वाजली की डबा वाजंल."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या गच्चीवर शाळा भरली. यमुनाबाई आणि त्यांच्या आळीतल्या चार बायका, सगळ्यांच्या हातात हिरव्या बांगड्या, एका हातात तेलाचा रिकामा डबा, दुसऱ्यात लाटणं. बांगड्या खळखळल्या की पोपट आशेने खाली यायचे. ते हातभर अंतरावर आले की पाचही डबे एकदम! शिवाय तोंडाने "हाऽऽ रे हाऽऽ!" खाली दवाखान्यात एक लॅब्रेडॉर टेबलाखाली शिरला तो मालकाने बोलावलं तरी बाहेर येईना. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. मी म्हणालो, ट्रेनिंग चालू आहे. कसलं ते त्यांनी विचारलं नाही.

खाणं मात्र मी पहाटेच, पोपट जागे व्हायच्या आत, चोरासारखा आवाज न करता ठेवून यायचो. शेंगांच्या फांद्या, पेरू, भिजवलेले हरभरे. खाणं झाडाला लागतं, हाताला नाही, हे त्यांना कळायला हवं होतं. सुगंधाला मी गच्ची बंद केली. ती खालून डब्यांचे आवाज ऐकायची आणि मांजरांची नखं जरा जास्तच खोल कापायची.

पाचव्या दिवशी एक नंबर शहाणा झाला. आठव्या दिवशी दोन. तीन नंबर काही केल्या शहाणा होईना. त्याला डबा आवडायला लागला. यमुनाबाई जीव तोडून बडवायच्या आणि हा डब्यावर बसून ताल धरायचा.

"ह्यो कुनाचा इतका लाडाचा?" त्यांनी विचारलं.

मला माहीत होतं. दुसऱ्या आठवड्यात तीन नंबरची पिशवी बंद पडली होती, पेज खाली उतरेना. मी आशा सोडली होती. सुगंधाने दोन दिवस अर्ध्या अर्ध्या तासाने दोन दोन थेंब भरवून त्याला परत आणलं. इतरांनी डबा वाजवला तर त्याचं काय बिघडणार होतं? त्याच्या आईने अजून वाजवला नव्हता.

मी सुगंधाला वर बोलावलं आणि डबा तिच्या हातात दिला. ती आत गेली, हात उचलला. खळखळ ऐकून तीन नंबर नेमका तिच्या मनगटावर येऊन बसला. पंख पसरून, मान डोलवत, अगदी बाळासारखा. इतक्या दिवसांनी आपली माणसं भेटल्याचा त्याला कोण आनंद झाला होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं, हे कबूल करतो. मग तिने डोळे मिटून मनगट झटकलं, डबा त्याच्या कानाशी आणला आणि ओरडत, बडवत त्याला पिंजऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवला. एकदा नाही, चार दिवस, रोज तीनदा. चौथ्या दिवशी जिन्यात तिची खळखळ झाली की तो छताला चिकटायचा.

पंधराव्या दिवशी सकाळी साळवी आले. सगळ्या बायकांनी बांगड्या वाजवल्या. एकही पोपट खाली आला नाही. साळवींनी सही केली आणि आम्ही गच्चीचं दार उघडलं. मागच्या शिरीषावर रानपोपटांचा थवा रोजच्यासारखा कलकलाट करत होता. एक आणि दोन लगेच गेले. तीन नंबर दाराच्या चौकटीवर बसून राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सुगंधा जिन्याच्या तोंडाशी दोन्ही मनगटं पोटाशी घट्ट आवळून उभी होती, काच वाजू नये म्हणून.

यमुनाबाई तिच्या कानाशी लागल्या. "वाजव."

"आई, नको ना."

"वाजव. त्याचे घरची वाट तीच हाय."

सुगंधाने हात हलवले. तीन नंबरने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं, कर्कश किंचाळला आणि सुटला तो थेट शिरीषात. क्षणभरात हिरव्यात हिरवा मिसळला, कोणता आपला ते कळेना. बायकांनी डबे वाजवून जल्लोष केला. सुगंधा पदरात तोंड खुपसून रडत होती.

"सर," ती थोड्या वेळाने म्हणाली, "त्याने मला ओळखलं असेल का?"

"ओळखलं म्हणून तर पळाला," मी म्हणालो.

त्या भोकाच्या पडद्याचं मी आता कुणाला कौतुक सांगत नाही. नवी पिल्लं आली की पहिला घास भरवण्याआधी मी भरवणाऱ्याचं तोंड झाकलंय का ते बघत बसत नाही, आधी मनगट तपासतो.