चौदा डब्या आणि एक स्क्रू

काटेमास्तरांची स्मरणशक्ती अशी दांडगी की गल्लीतल्या कुणाचं घड्याळ कोणत्या साली कशाने बंद पडलं, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत. माणसांची नावं मात्र त्यांना आठवत नसत. पण ती विशीतही आठवत नव्हती, त्यामुळे त्याचा कुणी बाऊ केला नव्हता. खरी चिंता लागली ती दादांपासून.

दादा म्हणजे मास्तरांचे थोरले भाऊ. घड्याळदुरुस्ती त्यांनीच शिकवली, त्याच बाकावर. अखेरच्या दोन वर्षांत दादांच्या डोक्यातलं एकेक पुसत गेलं. भिंतीवरच्या घड्याळाला ते दर दहा मिनिटांनी किल्ली देत. एक दिवस स्प्रिंग तुटली, तरी देतच राहिले. दादा गेल्यावर मास्तरांनी मनाशी नियम केला. रोज दुकान उघडलं की मोहरीहून बारीक असा एक स्क्रू चिमट्याने उचलायचा आणि जागी बसवायचा. लागोपाठ तीन दिवस तो निसटला की समजायचं, आपलीही गत दादांसारखी होणार. मग दुकान बंद करून जागा भाच्याच्या हवाली. भाचा तिथे मोबाइलची कव्हरं विकायला टपूनच बसला होता. 'दुकान कायमचे बंद' अशी पाटीसुद्धा मास्तरांनी एका फळीवर सुबक अक्षरांत रंगवून ठेवली होती. काम वेळेआधी तयार ठेवायची जुनी खोड!

अशा वेळी वरच्या मजल्यावरचे कॅप्सूलकाका खाली उतरले. काकांनी जन्मभर विमा विकला होता आणि निवृत्तीनंतर ते गोळ्या विकू लागले होते. माल बदलला होता, भीती तीच होती.

"मास्तर, मेंदू म्हणजे काय? यंत्रच ना? मग त्याला तेलपाणी नको?"

"पण याने विसरण्याचा आजार टळतो, हे नक्की?"

"नक्की म्हणजे? मी स्वतः तीन वर्षं घेतोय," काका म्हणाले आणि निघाले. दोन मिनिटांनी चष्मा न्यायला परत आले, आणि मग छत्री न्यायला.

यंत्र म्हटल्यावर मास्तरांना पटलंच. आधी स्मरणासाठी एक गोळी आली, मग नसांसाठी, मग थकव्यासाठी, मग ताणासाठी. माशाच्या तेलाची कॅप्सूल आली, कसल्याशा पानांचा अर्क आला, आणि या सगळ्या पचाव्यात म्हणून आणखी एक आली. आठ महिन्यांत आकडा चौदावर गेला. घड्याळाचे सुटे भाग आले की ते नंबर घातलेल्या पत्र्याच्या डब्यांत ओतायचे आणि खोकं फेकायचं, ही मास्तरांची चाळीस वर्षांची शिस्त. गोळ्यांनाही तोच न्याय मिळाला. कुठल्या गोळीत काय आहे हे त्यांनी कधी वाचलं नाही. चार नंबर नाश्त्याआधी, नऊ नंबर जेवणानंतर, एवढं पुरे होतं.

गंमत अशी की डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांपूर्वी रक्तदाबासाठी लिहून दिलेली एकुलती एक गोळी त्यांनी आणलीच नव्हती. ती चिठ्ठी खणात लंबकाखाली दबून पडली होती.

"ती गोळी एकदा सुरू केली की जन्माची चिकटते," ते बायकोला बजावत. "मला नाही गोळ्यांची सवय लावून घ्यायची." आणि घोटभर पाण्याबरोबर नऊ नंबर गिळत.

मग एक दिवस बोटांची टोकं बधिर वाटू लागली. जणू हातमोजे घातले होते आणि ते काढायचे राहून गेले होते. पायांना मुंग्या येत. चप्पल वाटेत निसटली तरी चार पावलं कळत नसे. मास्तरांना वाटलं, दादांच्या वाटेला आपण लागलो! घरी ते चकार शब्द बोलले नाहीत, सांगितलं ते काकांना.

"सुरुवात दिसतेय," काका गंभीर होऊन म्हणाले. "डोस दुप्पट करा."

डोस दुप्पट केला, आणि पंधरवड्याने एका सोमवारी स्क्रू निसटला. मंगळवारी पुन्हा निसटला.

बायकोच्या नजरेतून काय सुटणार? नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं आठवडाभर वरखाली लागत होती. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत होते. आणि मंगळवारी संध्याकाळी त्यांनी ती पाटी फडक्याने पुसून दाराशी आणून ठेवली.

बुधवारी सकाळी चिमटा जागेवर नव्हता.

"अगं, माझा चिमटा?"

"माझ्या पिशवीत आहे. डॉक्टरीणबाईंकडे चला, तिथे देते."

"मला काहीएक झालेलं नाही."

"मग भिता कशाला?"

डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या लेकीएवढ्या. त्यांनी पाच शब्द सांगून ते मागाहून विचारले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मास्तरांनी धडाधड उत्तरं दिली. मग बाईंनी कागद पुढे सरकवला.

"आता एक घड्याळ काढा. वेळ दाखवा, अकरा वाजून दहा मिनिटं."

मास्तरांनी चष्मा सारखा केला. "मनगटी की भिंतीवरचं?"

"कुठलंही चालेल."

"सेकंदकाटा मधला घेऊ, की खाली वेगळा?"

पेन्सिल बोटांत ठरत नव्हती, तरी दहा मिनिटांनी कागदावर तास-मिनिटांच्या रेघा, किल्ली, पट्ट्याची कडी, सगळं उतरलं. आतली चाकं काढायला ते कागद उलटवू लागले, तेव्हा बाईंनी तो काढून घेतला.

"औषधं काय घेता?"

मास्तरांनी चौदा नंबर वेळेसकट, न अडखळता म्हणून दाखवले.

"ज्यांना हे पाठ आहे त्यांच्या स्मरणाची मला काळजी नाही," बाई म्हणाल्या. "पण या नंबरांच्या आत आहे काय?"

मास्तर पुन्हा एक नंबरपासून सांगू लागले.

तेव्हा बायकोने पिशवी उघडली. नवरा खोकी फेकी, ती गोळा करी, चौकोनी कापी आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर दुधाचे नि धुण्याच्या कपड्यांचे हिशेब लिही. तसली चौदा कार्डं तिने टेबलावर पत्त्यांसारखी मांडली. वर मास्तरांचं भिंगही आणलं होतं.

"चादरी चार, पंचे सहा. ही उलटी बाजू बघा हो बाई. या पाचांवर एकच नाव आहे."

बाईंनी भिंगातून पाचही कार्डं वाचली. स्मरणाची, नसांची, थकव्याची, ताणाची, पचनाची, पाचांत एकच बी-सिक्स जीवनसत्त्व. तेही डोस दुप्पट.

"अति झालं की हेच नसांना बाधतं. बोटं त्यानेच बधिर झाली असणार. रक्त तपासून घेऊ, पण या चौदाही आजपासून बंद. विसरण्याचा आजार हमखास टाळणारी गोळी अजून कुणाकडे नाही. रक्तदाब ताब्यात ठेवला तर धोका थोडा कमी होतो. ती गोळी घेताय ना?"

मास्तर छताकडे पाहू लागले.

"ती नाही घेत ते," बायको म्हणाली. "सवय लागेल म्हणून."

बाहेर पायरीवर ती थांबली. "गिऱ्हाइकाने घरीच घड्याळात तेल ओतलं की काय ओरडता हो तुम्ही?"

मास्तर पुटपुटले, "सुईच्या टोकावर राहील एवढंच. जास्त झालं की धूळ धरतं आणि चाक अडतं."

"हं," ती म्हणाली आणि चिमटा त्यांच्या हातात दिला.

"आणि दादांचं?" मास्तरांनी हळूच विचारलं. "तसं व्हायचंच असलं तर?"

"झालं तर मी आहे ना. पण अजून झालेलं नाही, तर आत्तापासून पाटी कशाला?"

बधिरपणा सावकाश उतरला. पहिला महिना मास्तरांनी स्क्रूला हातच लावला नाही. नियम मोडला म्हणून तळमळले, पण पाटी सापडेना. दुसऱ्या महिन्यात काका पंधराव्या नंबरची बाटली घेऊन आले.

"नसांसाठी आहे, मास्तर. एकदम नवी!"

"काका, दोन नंबर म्हणून हीच दिली होती तुम्ही."

"हो का?" काका खजील झाले. बाटली खिशात घालून निघाले, छत्री विसरले.

पाचव्या महिन्यातल्या एका सकाळी मास्तरांनी चिमटा उचलला. स्क्रू निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा तो टोकाशी थरथरला, आणि बसला. करंगळी अजून बधिरच होती, पण करंगळीचं काय काम?

चौदा डब्यांत पुन्हा स्क्रू आणि चाकं आली होती. बाजूच्या एका वेगळ्या डबीत तेवढी रक्तदाबाची गोळी होती.

"अगं," त्यांनी आत हाक मारली, "आजची गोळी घेतली का मी?"

"घेतलीत, माझ्यासमोर! चौदा पाठ होत्या, आणि एक लक्षात राहीना?" ती चहा घेऊन बाहेर आली. एका रंगवलेल्या फळीवर तिने कप ठेवून आणला होता. फळीची अक्षरं खालच्या अंगाला होती.

मास्तरांनी फळी ओळखली. कप एका हाताने उचलला.