पाठवलेले आणि विकलेले

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, आईपाशी नाही. ज्याच्यापाशी बोलायला हवं होतं त्याच्यापाशी तर नाहीच. ऐकशील तेव्हा कदाचित हसशीलही. कारण भांडण कशावरून, तर टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रांवरून. कन्सोल म्हणतात त्याला. कुठल्या कंपनीचे कन्सोल जास्त खपले, यावरून. एवढ्याशा गोष्टीत माणूस काय पाप करणार?

करतो. मी केलं.

संदेश आणि मी शहापूरच्या कॉलेजात एका बाकावर होतो. त्याचं गाव मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी. तिथे मोबाइलला रेंज नसायची, म्हणून तो शहापुरात खोली घेऊन राहायचा. त्याच खोलीत आम्ही गेमिंगचा मराठी चॅनेल सुरू केला. माहिती काढायचा तो, बोलायचो मी. आवाज माझा चांगला, असं तोच म्हणायचा. लिहून वगैरे काही देत नसे. समोर बसून समजवायचा आणि मी ते कॅमेऱ्यापुढे माझ्या शब्दांत सांगायचो.

त्या वर्षी दोन कंपन्यांवरून बघणाऱ्यांत दोन तट पडले होते. आमचा तट मागे पडत होता. नेमकं तेव्हाच आमच्या कंपनीने एक मोठा आकडा जाहीर केला. मी उड्याच मारायला लागलो. संदेश मात्र मला बाजारपेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानासमोर घेऊन गेला. काचेआड एक खोका होता, उन्हाने रंग उडालेला.

"तो डबा दिसतो ना? कंपनीच्या लेखी तो गेला. पण कुणाच्या घरी गेला? कुणाच्याच नाय," तो म्हणाला. "हा आकडा दुकानांना पाठवलेल्यांचा हाय. विकलेल्यांचा नाय. बोलताना 'पाठवले' बोल रे, नायतर लोक पकडतील."

कळलं होतं मला. इतकं स्वच्छ सांगितल्यावर न कळायला काय झालं? हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे 'अनवधानाने झालं' असं म्हणायला मलाच जागा राहायला नको.

तो भातकापणीला गावी गेला आणि मी एकटाच रेकॉर्डिंगला बसलो. पहिल्यांदा म्हणालो – 'पाठवले'. ऐकून पाहिलं. कसं मिळमिळीत वाटलं! एवढे कन्सोल पाठवले – बरं मग? त्यात जिंकणं कुठे होतं? मग पुन्हा बसलो आणि म्हणालो – 'विकले'. छाती फुगवून म्हणालो. पहिलं पुसून टाकलं.

व्हिडिओ धावला. आजवर कधी धावला नव्हता इतका. आणि आठवड्याभरात पुण्याच्या एका मोठ्या चॅनेलवाल्याने तो लावून दाखवला – हे बघा, ही पोरं गोदामातल्या डब्यांना विक्री म्हणतात! हजारो लोक हसले. आमच्याच तटातले लोक आम्हाला शिव्या घालायला लागले. उत्तर द्यायला आम्ही लाइव्ह बसलो. संदेश तेवढ्यासाठी किन्हवलीमार्गे मोटरसायकल हाणत आला होता. व्हिडिओ बघायलाही त्याला वेळ मिळाला नव्हता. काहीतरी चुकलंय, एवढंच त्याला ठाऊक होतं.

समोर कॉमेंट धावत होत्या. हे कोण बोललं? कुणी शिकवलं यांना? आणि मी – मी म्हणालो, "आकड्यांचं काम संदेश बघतो. तो सांगतो तेच मी बोलतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला, "हो. माहिती मीच दिली होती. चुकलं आमचं."

मित्राला वाचवायला म्हणाला, असं मला वाटलं. तिथेच थांबलं असतं तर हे भ्याडपण झालं असतं, आणि भ्याडपण एखाद्याला माफही होत असेल. पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. तिच्याकडे यायलाच मला इतका वेळ लागतोय.

लाइव्ह बंद केल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. रागावलेला नव्हता. हळूच विचारलं, "मी 'पाठवले' बोललो होतो ना रे?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. कुणी ऐकत नव्हतं, कुणी हसणार नव्हतं. खरं बोलायला एक पैसा पडत नव्हता. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नाय. तू 'विकले' बोललास. मला चांगलं आठवतंय."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "मग माझंच चुकलं असंल."

माझ्यावर विश्वास होता ना त्याचा! स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त.

कॉमेंटमध्ये त्याचं नाव 'डबेवाला' पडलं. बाजारात पोरं हाक मारायची. पण त्या हाकांनी तो मोडला नाही – तो मोडला माझ्या त्या एका वाक्याने. मी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर काहीही सांगितलं की तो पुढे जोडायचा, "तू एकदा बघून घे, माझं काय खरं नाय." मग सांगणंच बंद केलं. मग येणं. वाशिंदच्या एका कारखान्यात लागला.

चॅनेल मी चालवत राहिलो. आता मी 'पाठवलेले' आणि 'विकलेले' यांतला फरक फार काळजीने सांगतो. लोक लिहितात – आकड्यांच्या बाबतीत दादा प्रामाणिक आहे. मी त्याखाली हात जोडल्याचं चित्र टाकतो.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीच्या नामकरणाला वाशिंदला गेलो. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. त्याची बायको पाणी द्यायला आली आणि हसतच तक्रार करू लागली.

"भावोजी, यांना समजवा तुमी. डॉक्टरने पोरीचं औषध सांगितलं, यांनी बरोबर ऐकलं होतं. तरी दवाखान्यात पुन्हा विचारून आले. वर मला बोलतात, 'माझ्या ऐकण्यावर नको जाऊ गो.' असं कुठं असतं का?"

संदेश मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "याला विचार. माझं डोकं कसं दगा देतं, ते यालाच ठाऊक. तरी तेव्हा मला सांभाळून घेतलं यानं."

घर माणसांनी भरलेलं होतं. मी काय केलं असेल?

हसलो. म्हणालो, "जाऊ दे रे, होतं असं." आणि मुलीला हातात घेतलं.

त्याने बरोबर सांगितलं होतं. त्याला बरोबर आठवत होतं. शब्द मी बदलला, आणि त्याची आठवण खोटी आहे असं त्यालाच पटवलं. तो अजून तसंच समजतो. औषधाच्या बाटलीपुढे उभा राहतो तेव्हाही.

वाशिंद माझ्या घरापासून लांब नाही. खरं सांगायला मी अजून गेलेलो नाही.