जिन्याखालच्या फोनबाई

फोनबाई आमच्या शाळेत आल्या तेव्हा त्यांना बसवायचं कुठे, हाच मोठा प्रश्न होता. शेवटी मुख्याध्यापकांनी जिन्याखालची खोली दिली. आधी तिथे खेळाचं सामान असायचं. खोलीला अजून रबरी चेंडूंचा वास येतो आणि मधली सुट्टी झाली की सगळी शाळा डोक्यावरून धडधडत खाली उतरते. दुसरं कुणी असतं तर पहिल्याच आठवड्यात बदलीचा अर्ज टाकला असता. या बाईंनी फक्त दोन खुर्च्या मागितल्या आणि दोन्ही टेबलाच्या एकाच बाजूला मांडल्या.

मी विचारलं, "बाई, समोर कोण बसणार?"

"कुणी नाही. समोर बसवलं की माणसाला वाटतं आता चौकशी सुरू."

मी गणिताचा मास्तर. असली हुशारी मला पटकन पचत नाही. खरं सांगायचं तर बाईंची नेमणूक कशासाठी झाली हेच मला कित्येक दिवस उमगलं नव्हतं. कागदावर त्या समन्वयक. म्हणजे एखाद्या पोराला फळा दिसत नसेल तर डोळ्यांच्या दवाखान्याच्या मागे लागायचं, एखादी पोर गप्प गप्प राहत असेल तर समुपदेशकाला गाठायचं, घरात दोन वेळचं शिजत नसेल तर कुठली संस्था काय देते ते शोधायचं. सरकारी शाळेत पोरं येतात ती घरच्या सगळ्या भानगडी पाठीवर घेऊन. दवाखाना, पाळणाघर, घरभाड्याला मदत देणारं खातं, सगळं याच शहरात आहे. पण कुणी कुणाचं तोंड बघत नाही. या सगळ्यांच्या मधे बाई उभ्या, कानाला फोन लावून. नाव पोरांनीच ठेवलं आणि ते चिकटलं. मी एकदा म्हटलं, "कान गळून पडेल एक दिवस." तर म्हणाल्या, "दुसरा आहे ना, सर."

कुणाच्या घरी जायचं तर त्या रिकाम्या हाताने जायच्या. पिशवी नाही, फाईल नाही, ओळखपत्र खिशात. आणि नेहमी एकट्या. मी एकदा सोबत येतो म्हटलं, तर मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "तुम्ही दारात दिसलात की त्या आईला वाटणार, पोरीने गणितात काय दिवे लावले ते सांगायला आलात." मला राग आला. पण बोलणं खोटं नव्हतं.

माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणायचे. उत्तर येत असलं की हात वर न करता नुसती बाकावर उड्या मारायची. एक दिवस पाढे चालू असताना ती खाली कोसळली आणि हातपाय झाडायला लागली. मला फिट काय असते ते पुस्तकातून ठाऊक. मी एका पोराला जिन्याखाली पिटाळलं. फोनबाई धावत आल्या, तिला कुशीवर वळवून तिच्या डोक्याखाली हात धरून बसून राहिल्या.

चिमणीची आई एका धुलाई कारखान्यात चादरी इस्त्री करायची. नवरा केव्हाच निघून गेलेला. घरात चिमणी आणि तिचा दोन वर्षांचा भाऊ. फिट घरीही येत होत्या, पण त्या माउलीने तोंडाला कुलूप लावलं होतं. शेजारच्या गल्लीतल्या एका बाईची मुलं बालकल्याण खात्याने नेली होती, म्हणे घरात नीट सांभाळ होत नाही म्हणून. तेव्हापासून हिने धसका घेतला होता. कामावर जाताना धाकट्याला, आणि शाळा नसेल तेव्हा दोन्ही पोरांना, आत ठेवून बाहेरून कडी लावायची, हे कुणाला कळलं तर आपलीही नेतील, ही भीती.

हे सगळं फोनबाईंना एका दिवसात कळलं नाही. त्या कारखान्याच्या दाराशी उभ्या राहायच्या, सुट्टी झाली की आईबरोबर घरापर्यंत चालायच्या, वाटेत भलत्याच गप्पा. हळूहळू आई बोलती झाली. दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. खोली ओली आणि धाकटा दिसेल ते तोंडात घालणारा, म्हणून गोळ्यांची डबी बाईंच्या खणात. सकाळची गोळी चिमणी जिन्याखाली बसून घ्यायची, रात्रीची कागदात बांधून घरी न्यायची. फिट थांबल्या. डॉक्टरांनी एक मात्र बजावलं होतं: गोळी मधेच बंद पडली तर आधीपेक्षा वाईट होईल.

मग बाईंनी पुढचं मनावर घेतलं. धाकट्याला पाळणाघर, कोरड्या खोलीसाठी भाड्याची मदत, चिमणीसाठी दवाखान्याची घरभेट. प्रत्येक खात्याला घर बघायचं होतं आणि प्रत्येकाचा वार वेगळा. आईने दर वेळी रजा काढली असती तर कारखान्याने तिला घरीच बसवलं असतं. म्हणून बाईंनी सगळ्यांच्या हातापाया पडून एकच दिवस ठरवला, आईच्या सुट्टीचा बुधवार. जी खाती वर्षानुवर्षं एकमेकांची पत्रं फिरवत बसतात, ती एका वेळी एका दारात येणार होती. मी बाईंना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. आईला त्या म्हणाल्या होत्या, "बुधवारी मदतीला माणसं येतील." आईने मान हलवली होती.

बुधवारी गल्लीच्या तोंडाशी दोन सरकारी गाड्या थांबल्या. चार जण उतरले, गळ्यात ओळखपत्रं, दोघांच्या काखेत फायली. सगळ्यात पुढे फोनबाई. दाराला आतून कडी होती. बाईंनी हाका मारल्या. आत धाकट्याचं रडू एकदम दाबल्यासारखं बंद झालं. बराच वेळ थांबून सगळे परत गेले. परत आलेल्या बाईंचा चेहरा उतरलेला होता. म्हणाल्या, "सर, मी काय करून बसले? खिडकीतून तिला काय दिसलं असेल?"

गुरुवारी चिमणी शाळेत आली नाही. बाई घरी गेल्या तर दाराला बाहेरून कुलूप. शेजारीण म्हणाली, पहाटेच गेली, दोन पिशव्या आणि पोरं घेऊन. कारखान्यात कुणाला पत्ता नाही. आणि गोळ्यांची डबी बाईंच्या खणात.

मी ती डबी बघितली आणि माझं डोकंच फिरलं. "बाई, बालकल्याणला फोन करा. आत्ता."

"केला तर ती घाबरत होती तेच खरं होईल. तिला मी शब्द दिलाय, तिला विचारल्याशिवाय कुणाला काही सांगणार नाही म्हणून."

"आणि पोर कुठे पडली तर? तुमचा शब्द काय चाटायचाय?"

असं मी बोलायला नको होतं, पण बोललो. त्यांनी चपला पायात सरकवल्या. दिवसभर त्या पायपीट करत राहिल्या. जुनी खोली, एसटी स्टँड, कारखान्यातल्या बायकांची घरं. मी वर्गात त्रैराशिक शिकवत होतो आणि लक्ष सगळं जिन्याकडे. शुक्रवारी सकाळी त्या आल्या तेव्हा डोळे सुजलेले. खण उघडून त्यांनी डबी टेबलावर ठेवली, तिच्याकडे बघत बसल्या. वर पोरं धडधडत होती. शेवटी त्यांनी फोन उचलला आणि बालकल्याण खात्याला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "चूक आईची नाही. हे आधी लिहून घ्या." बोलताना आवाज स्थिर होता. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी तोंडावर हात घेतला.

संध्याकाळच्या आत पत्ता लागला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, आईच्या मैत्रिणीच्या खोलीत. पण सकाळीच चिमणीला तिथल्या जिन्यावर मोठी फिट आली होती. कपाळाला टाके, पुढचा एक दात गेला. आम्ही इस्पितळात पोचलो तेव्हा ती झोपली होती. आई बाकावर, मांडीवर धाकटा. फोनबाईंनी डबी पुढे केली.

आईने ती घेतली. म्हणाली, "तुम्ही एकट्या आला असतात तर मी दार उघडलं असतं."



मुलं कुणी नेली नाहीत. फोनबाईंनी दर सुनावणीला जाऊन आईची बाजू मांडली, खात्याच्या लोकांच्या नाकी नऊ आणले. धाकटा पाळणाघरात जातो. कोरडी खोली मिळाली. आई दवाखान्यातल्या नर्सशी बोलते, पाळणाघराच्या ताईशी बोलते, त्या बुधवारी बाईंबरोबर दारात उभे होते त्या सगळ्यांशी बोलते. चिमणी शाळेत परतली त्या दिवशी तिची आई फाटकाशी माझ्यापाशी आली आणि डबी माझ्या हातात देऊन म्हणाली, "सर, गोळी तुम्ही देत जा. तिला जिन्याखाली नका पाठवू."

फोनबाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. आईने तिकडे पाहिलंही नाही. मी बाईंकडे पाहिलं, तर बाईच हळूच म्हणाल्या, "हो म्हणा सर. गोळी चुकायला नको."

तेव्हापासून रोज सकाळी मी माझ्या टेबलापाशी चिमणीला गोळी देतो. ती तुटक्या दाताने हसते आणि बाकावर जाते. तास संपला की फोनबाई दारात येतात. "घेतली?" मी म्हणतो, "घेतली." आणि त्या जातात.

परवा माझं डोकं जरा तापलेलं होतं. म्हटलं, "बाई, रोज काय विचारता? माझ्यावर भरवसा नाही का?"

"आहे हो सर," त्या म्हणाल्या. "पण तिच्याबद्दल मला विचारण्यासारखं आता एवढंच उरलंय."