डावीकडून उगवणाऱ्या गाड्या

अख्ख्या डेपोत त्याला रूळ म्हणत. बस अशी सरळ न्यायचा की खाली रूळ अंथरलेत असं वाटावं. एकवीस वर्षं स्टिअरिंग धरलं, पण हॉर्नवर हात कमी आणि तोंडात शिवी त्याहून कमी. असला माणूस सुट्टीच्या दिवशी काय करील? तर घरी बसून पुन्हा गाडीच चालवायचा. टीव्हीवर.

गेम तसा शर्यतीचा. पण शर्यत नको असेल तर लावू नका, सगळं शहर मोकळंच होतं. समुद्राकाठचा रस्ता, पूल, घाट, टोकाला दीपगृह. वाटेल तिकडं गाडी घाला. लेक आठ वर्षांची असताना बापलेक मिळून खेळायचे. रूळ त्यातही सिग्नलला थांबायचा. मागच्या गाड्या त्याला ढुशा मारून पुढं जायच्या आणि लेक हसून हसून लोळायची.

लेक आता परगावी नोकरीला. यंदा तोच गेम नव्यानं निघाला, घासूनपुसून, रंगरंगोटी करून. रीमास्टर म्हणतात त्याला. लेकीनं बापाला घेऊन दिला. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! पुलावर गेलं की चित्र गोठायचं. झाडं बुंध्यावाचून अधांतरी उभी. एकदा तर गाडी डांबराच्या पोटात गेली ती वर यायचं नाव घेईना.

"आपल्या संसाराचंही रीमास्टर काढा एकदा," बायको म्हणायची. "तोही मधेच गोठतो."

"सुधारणा येणार आहे. कंपनीनं लिहिलंय तसं." टीव्हीला नाक लावून रूळ सांगायचा. "त्या डावीकडच्या गाड्याही नीट करणारेत."

खरं दुखणं ते होतं. रस्ता रिकामा दिसायचा आणि डावीकडून एकदम ट्रक उगवायचा, थेट बॉनेटपुढं. माणसानं काय करावं? बाकीचे खेळणारेही गाड्या एकदम उगवतात अशी बोंब मारत होते, म्हणून रूळला आपलं काही चुकतंय असं कधी वाटलं नाही.

बसचा डावा आरसा या वर्षात दोनदा फुटला, त्याचंही त्याला काही वाटलं नाही. एकदा खांब होता, एकदा टेम्पो. मागच्या आठवड्यात एक सायकलवाला घासला. कोपर सोलवटलं, जीव वाचला. "अचानक उगवला गं," बायकोला तो म्हणाला.

बसवर त्याच्याबरोबर चौदा वर्षं एकच कंडक्टर. वयानं लहान, रूळला दादा म्हणायचा. चूक सायकलवाल्याची, असा रिपोर्ट त्यानंच लिहून दिला. डोळ्यांची तपासणीही वर्षाला होते, पण डेपोतला अक्षरांचा तक्ता बापजन्मापासून एकच. सगळ्या ड्रायव्हरांना तो पाढ्यांसारखा पाठ. यंदा रूळ जरा अडखळतोय म्हटल्यावर कंडक्टरनं त्याच्याकडून घोकून घेतला. "शेवटची ओळ उलटीही म्हण. फसवायला विचारतात."

रविवारी दुपारी सुधारणा आली. रूळनं कंडक्टरला मुद्दाम घरी बोलावलं. बायकोनं चहा ठेवला. गाडी पुलावर चढली तसा तिघांनी श्वास रोखला. चित्र गोठलं नाही.

"जमलं की रे!" रूळ लेकरासारखा हसला. घाटात झाडांना बुंधे आले होते. पुढं चौक लागला आणि धाडकन ट्रकवर आदळली गाडी.

"बघ! हे तसंच ठेवलं हरामखोरांनी."

"काय तसंच?"

"ट्रक रे. उगवला ना एकदम!"

"उगवला कुठं? कधीचा येत होता. मला वाटलं, तू मुद्दामच थांबत नाहीस."

"कुठून येत होता?"

"त्या पिवळ्या घरापासून."

"कुठलं पिवळं घर?"

बायको म्हणाली, "अहो, ते काय डावीकडं. एवढं भिंतीएवढं आहे."

रूळनं मान वळवली. तेव्हा त्याला घर दिसलं.

कंडक्टरनं कप खाली ठेवला. "दादा, माझ्या नाकाकडं बघ. मान हलवू नको. हात दिसला की सांग." त्यानं हात रूळच्या डाव्या कानापासून हळूहळू पुढं आणला. गालापाशी आला, पुढं सरकला. रूळ गप्पच. हात पार नाकासमोर आला तेव्हा म्हणाला, "आता."

टीव्हीत मागच्या गाड्या हॉर्न मारत राहिल्या.

"सायकलवाला," रूळ म्हणाला. मग टीव्ही बंद करून, "उद्याची पहिली फेरी तेवढी नेतो. मग बघू."

सकाळी बस गच्च भरली. रूळनं इंजिन चालू केलं आणि घंटीची वाट बघू लागला. दोन टोले पडले की निघायचं, हा एकवीस वर्षांचा शिरस्ता. दार लागलं. टोले पडेनात.

"डबल दे रे!"

"देत नाही."

"अरे हलवा की गाडी! मुहूर्त काढताय काय?" मागून एक बाई ओरडली.

गर्दीतून वाट काढत कंडक्टर पुढं आला, ड्रायव्हरच्या मागच्या जाळीला तोंड लावून हळू म्हणाला, "तक्ता मीच पाठ करून घेतला तुझ्याकडून. रिपोर्टही मीच खोटा लिहिला. घंटी तरी मला खरी वाजवू दे."

रूळ काचेतून समोर बघत बसला. समोरचं सगळं लख्ख दिसत होतं, आणि त्या लख्ख दिसण्यानंच घात केला होता. मग त्यानं चावी फिरवली. इंजिन थांबलं तसे मागून शिव्या सुरू झाल्या.

दुसरा ड्रायव्हर यायला पाऊण तास गेला. तोवर रूळ खाली उभा राहिला नाही. पहिल्या बाकावर बसला, प्रवाशासारखा. डोळ्यांचा दवाखाना याच रस्त्यावर होता, सहावा थांबा. आज तिथला तक्ता पाठ नव्हता. आणि गेलेली नजर सुधारणा करून परत येत नाही, एवढं त्याला डॉक्टरवाचूनही कळत होतं.

दोन टोले पडले. बस निघाली. बाजाराच्या वळणावर नव्या ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. रूळनं समोर पाहिलं. रस्ता रिकामा होता. काही नसताना हा का थांबला, असं त्याच्या मनात आलं, आणि तेवढ्यात काचेपुढून एक म्हातारी हातगाडी ढकलत सावकाश गेली.

त्यानं कंडक्टरकडं पाहिलं. कंडक्टर तिकिटं फाडत होता. त्यानं मान वर केली नाही.