जपानच्या पुढे गेलेली वेल्ह्याची शाळा

"मग जीप बंदच करू या," ट्रस्टच्या अध्यक्ष मॅडम फोनवर म्हणाल्या. "तुमचाच रिपोर्ट सांगतोय ना, सरकारचा पैसा भरपूर येतोय म्हणून?"

रिपोर्टवर सही माझी होती. अनुदानित शाळांची पगारबिलं तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. आता भोरला घरी बसून पुण्याच्या एका ट्रस्टची आकडेमोड करतो. वेल्ह्यातल्या एका शाळेला हा ट्रस्ट जीप पुरवतो. डोंगरावरच्या धनगरवाड्यांतली नऊ मुलं तिच्यातून येतात. भारत आणि जपान माध्यमिक शिक्षणावर किती खर्च करतात, याची तुलना ट्रस्टला देणगीदारांसाठी हवी होती. सोबत नमुना म्हणून आपली शाळा.

असली तुलना तशी सरळ असते. सरकारी खर्च भागिले विद्यार्थी, झाला दर विद्यार्थी खर्च. फक्त रुपये आणि येन बँकेच्या भावाने बदलायचे नसतात. तेवढ्या पैशांत इथे काय येतं नि तिथे काय येतं, त्या हिशोबाने बदलायचे. देशांचे आकडे तयार मिळाले. शाळेच्या पगाराचा आकडा मी आणला, विद्यार्थ्यांचा माझ्या सहकारी सायलीने. भागाकार केला, तर देश जपानच्या बराच मागे आणि आमची वेल्ह्याची शाळा जपानच्याही पुढे! मला तिथेच संशय यायला हवा होता. उलट मी मिशीला पीळ भरला आणि खाली लिहून टाकलं, शाळा लहान, मुलं कमी, म्हणून खर्च जास्त.

जीप बंद होणार हे सांगायला मीच वेल्ह्याला गेलो. हेडमास्तरांच्या खोलीत बाबू ढेबे बसले होते. त्यांची मुलगी नववीत, त्या नवांतलीच एक. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. आवाज चढवला नाही.

"मग पोरगी घरीच ऱ्हाईल, सायेब. येवढ्या रानातनं एकटीला कसं धाडू? शेळ्या हायतच राखायला."

मला लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी रिपोर्ट उघडला आणि आकडे समजावू लागलो. हेडमास्तर म्हणाले, हे आमच्या गणिताच्या सरांनाही ऐकू द्या. शिपाई गेला आणि तसाच परत आला. म्हणाला, "सर सहावीवर हायत."

सहावीवर? मी पान उलटायचा थांबलो. हे सर मी आणलेल्या बिलात आहेत का, असं हेडमास्तरांना विचारलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. "सगळेच आहेत की. पाचवी ते दहावी एकच बिल. इतकी वर्षं तुम्हीच पास करत होता."

करत होतो ना! आमच्याकडची माध्यमिक शाळा बहुतेक पाचवीपासून सुरू होते, आणि पगारबिल सगळ्या शाळेचं एकच निघतं. देशाच्या तक्त्यात मात्र माध्यमिकला नववी-दहावीच धरतात. सायलीने तक्त्याप्रमाणे तेवढीच मुलं मोजली, बावीस. मी सवयीने अख्खं बिल उचलून आणलं. सहा वर्गांचा पगार दोन वर्गांच्या मुलांत वाटून आम्ही जपानला मागे टाकलं होतं.

तिथेच वेळापत्रक मागवलं. कोणते सर कोणत्या वर्गावर किती तास शिकवतात ते मोजलं आणि नववी-दहावीच्या वाट्याचाच पगार धरला. शाळा जपानच्या निम्म्यालाही पोचेना.

दुसऱ्या दिवशी पुण्यात ट्रस्टींसमोर उभा राहिलो. दोघांची चूक म्हणून सांगू, असं सायली म्हणत होती. मी म्हटलं, सही माझी आहे, तू गप बस.

"एवढ्या अनुभवी माणसाकडून अशी चूक?" मॅडम म्हणाल्या.

"अनुभवामुळेच झाली, मॅडम. नवखा असतो तर आधी विचारलं असतं, माध्यमिक म्हणजे कितवी ते कितवी."

मॅडमनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहिले आणि जीप चालू ठेवली. मी बाहेर येऊन ढेब्यांना मोबाईल लावला. ते खूश झाले. मग म्हणाले, "सायेब, त्या जपानातली पोरं साळंत कशी जात्यात वो?"

"बरीचशी चालतच जातात म्हणे."

"मंग त्यांच्या वाटंत डोंगूर नसंल."

डोंगराचा रकाना आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हता. सुधारलेल्या रिपोर्टात तो घातला, आणि सही त्यानंतर केली.